उशाची बॅटरी आणि कानातली पिन

हा भाग इअरबड्सवर ऐकत असाल तर त्यांच्या डबीत जरा डोकावून बघा. बहुतेक डब्यांच्या तळाशी बारीक सोनेरी टोकं दिसतात. दाबली की आत जातात, सोडली की वर येतात. ही पोगो पिन. उड्या मारायच्या पोगो काठीवरून पडलेलं नाव.

हिची पूर्वज नांदेड-लातूरकडच्या घराघरांत होती. टॉर्च. आपण तिला सरळ 'बॅटरी'च म्हणतो. अमेरिकेत १८९९ साली डेव्हिड मिसेलच्या नावावर तिचं पेटंट झालं: नळी, नळीत एकामागं एक सेल, पुढं बल्ब. पुढं ती आपल्याकडं आली आणि रात्रीची लाईट आली की पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याच्या हातात बसली. लागली नाही तर तळहातावर एक थाप. तरी नाही लागली तर झाकणातली स्प्रिंग सँडपेपरनं घासायची, बोटानं जरा ओढायची, मागं सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद कोंबायचा. हा निव्वळ जुगाड नव्हता, बरं का. धातूवर गंजाचा थर चढला किंवा दाब कमी झाला की वीज अडते. गावात हे बीटेक न करता माहीत होतं.

आणि हे किती मोलाचं असू शकतं? ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटेचे ३.५६. किल्लारीचा भूकंप, ६.२ तीव्रतेचा. दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली, सुमारे १०,००० माणसं गेली. भारतात मोबाईल यायला अजून दोन वर्षं होती. ढिगाऱ्याखालून आवाज येतोय आणि पहाट व्हायचीय, अशा वेळी हातातल्या बॅटरीची स्प्रिंग सेलला टेकलीय की नाही, यावर बरंच काही अवलंबून असतं.

पोगो पिन मात्र शेतातून नाही, कारखान्यातून आली. तयार सर्किट बोर्ड तपासायला खिळ्यांच्या गादीसारख्या शेकडो पिना त्यावर एकदम टेकवायच्या, हे तिचं मूळ काम. घड्याळं, इअरबड्स नंतरचे.

मला यातली सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. बॅटरीत वीज स्प्रिंगमधूनच वाहते. पिनेत तसं चालत नाही. तिची स्प्रिंग इतकी बारीक तारेची, की वीज अडते, तार तापते, ताण मरतो. म्हणून चांगल्या पिनेत दांड्याचं आतलं टोक तिरकं कापतात. स्प्रिंगनं ढकललं की दांडा किंचित कलतो, नळीच्या भिंतीला टेकतो आणि वीज भिंतीतून जाते. स्प्रिंगकडं उरतं फक्त ढकलायचं काम.

वरचा मुलामा सोन्याचा, कारण सोनं गंजत नाही. पण लातूरच्या मे महिन्यात कानातला घाम तसाच डबीत गेला, की चार्जिंगची वीज आणि घामातलं मीठ मिळून मुलामा खातात. एका बाजूचा इअरबड चार्ज होईना की आधी कोरड्या कापसानं पुसून बघा. आजोबांचा सँडपेपर इथं नको. तो थर केसापेक्षा कितीतरी पातळ असतो.