चेतक आणि प्रिया : एका घरातल्या दोन स्कूटर

वर्गात मोबाइल फोनचा विषय निघाला की विद्यार्थी लगेच दोन बाजूंना वाटले जातात. एकाच कंपनीचा एक महागडा, मानाचा फोन आणि त्याचाच स्वस्त धाकटा भाऊ, यांतला कोणता घ्यावा? कॅमेरा, पडदा, बॅटरी, किंमत अशी यादी फळ्यावर तयार होते. यादी चांगलीच असते, पण बहुतेक वेळा तिच्यात एक रकाना राहून जातो : हा फरक कोणी ठरवला, आणि का ठरवला?

या रकान्याचे महत्त्व समजायला साताऱ्याचा इतिहास उपयोगी पडतो. मोबाइल फोन येण्याच्या कितीतरी आधी आपल्या भागात अशीच एक जोडी रस्त्यावर होती. थोरली चेतक आणि धाकटी प्रिया. चेतक पुण्याजवळ आकुर्डीला तयार होई, आणि प्रिया साताऱ्याला.

मूळ घराणे

दोघींचे मूळ इटलीत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, पियाजिओ कंपनीने व्हेस्पा ही स्कूटर बाजारात आणली. तिचा आराखडा करणारे कोराडिनो दास्कानिओ हे मुळात विमानांचे अभियंते. मोटारसायकलीला असतो तसा नळ्यांचा सांगाडा त्यांनी टाळला. दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याचे अंगच सगळा भार पेलते. इंजिन मागच्या चाकाशेजारी उजव्या बाजूला झाकलेले असल्यामुळे कपड्यांना तेल लागत नाही, आणि पुढे पाय ठेवायला मोकळी जागा मिळते.

बजाज ऑटोने १९६० साली पियाजिओशी तांत्रिक करार केला. तो १९७१ साली संपला. पुढच्याच वर्षी, १९७२ साली, चेतक आली. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव तिला मिळाले, आणि लवकरच ती कंपनीची मानाची गाडी ठरली.

साताऱ्याला कारखाना का आला?

त्या काळी कारखान्याने किती माल काढायचा हे मागणीवर ठरत नसे. ते सरकारी परवान्यावर ठरे. परवान्यात लिहिलेल्या क्षमतेपेक्षा जास्त स्कूटर बनवायला कंपनीला मोकळीक नव्हती. परिणामी नोंदणी केलेल्या ग्राहकाला चेतकसाठी काही वेळा दहा-दहा वर्षे थांबावे लागे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे. त्यामुळे परदेशी असलेल्या नातेवाइकाला फार महत्त्व आले होते. नवी गाडी घेऊन लगेच विकली तरी मूळ किमतीपेक्षा जास्त पैसे येत. वापरलेली वस्तू नव्यापेक्षा महाग, हे आजच्या विद्यार्थ्याला विनोदी वाटेल. पण टंचाई असली की बाजार असाच वागतो.

मग सरकारने दुसरा मार्ग काढला. खाजगी कंपनीच्या वाढीवर बंधने होती, पण सरकारचा सहभाग असलेल्या कंपन्यांना नवे परवाने मिळू शकत होते. लखनौला १९७२ साली स्कूटर्स इंडिया ही केंद्र सरकारची कंपनी निघाली. महाराष्ट्रात पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन केली. महामंडळाचे भाग २७ टक्के, बजाजचे २४ टक्के आणि उरलेले जनतेचे. तंत्रज्ञान बजाजचे, जागा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतली. तिथे तयार झालेली स्कूटर म्हणजे प्रिया.

मुंबई-पुण्याबाहेर उद्योग न्यावेत हाही एक हेतू होता. अर्थात लोखंडाचे काम या मुलखाला नवे नव्हते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या मदतीने लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगराचे काम तिथे वाढवले. ती वाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. सातारा रोडला कूपर यांच्या कारखान्याने डिझेल इंजिने बनवली. सातारा आणि सांगली हे जिल्हेही एका घरातलेच. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला, आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले.

फरक नेमका किती?

आता दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करू. दोघींचे इंजिन एकाच घडणीचे : एका सिलिंडरचे, दोन-घाती, १५० सीसीच्या वर्गातले. दोघींतही पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे. दोघींचे गिअर डाव्या मुठीत. थंडीच्या सकाळी दोघींनाही तिरके करून किक मारणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. विट्याचा किंवा कराडचा मिस्त्री एक गाडी खोलायला शिकला की दुसरी त्याला आपोआप येई.

डोळ्यांना पटकन दिसणारा फरक चाकांचा. चेतकचे चाक दहा इंची, प्रियाचे आठ इंची. दोन इंचांनी काय बिघडते? हिशेब करून पाहू.

टायरची जाडी साडेतीन इंच धरली तर प्रियाच्या चाकाचा एकूण व्यास १५ इंच आणि चेतकच्या चाकाचा १७ इंच होतो. म्हणजे त्रिज्या अनुक्रमे सुमारे १९ सेंटिमीटर आणि २१.६ सेंटिमीटर. एक किलोमीटर जायला प्रियाचे चाक सुमारे ८३५ वेळा फिरते, चेतकचे सुमारे ७३७ वेळा.

आता रस्त्यात ५ सेंटिमीटर उंचीचा दगड आला असे समजा. गाडी अगदी सावकाश ढकलत आहोत आणि टायर दबत नाही असे धरू. दगडाच्या कडेभोवती बलांची आघूर्णे मांडली, तर चाक वर चढवायला आसावर लागणारे आडवे बल मिळते. प्रियासाठी ते चाकावरील भाराच्या सुमारे ०.९२ पट येते, चेतकसाठी सुमारे ०.८३ पट. म्हणजे लहान चाकाला साधारण दहा टक्के जास्त जोर लागतो, आणि तो धक्का चालवणाऱ्याच्या मनगटापर्यंत पोचतो.

सांगली-मिरज या सपाट, डांबरी रस्त्यावर हा फरक फारसा जाणवणार नाही. खानापूर किंवा माण तालुक्यातल्या खडीच्या वाटेवर तो रोज जाणवेल. म्हणून कोणती गाडी चांगली, या प्रश्नाला रस्ता सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

यादीत न मावणारा गुण

यंत्र म्हणून चेतक थोडी सरस होती, हे मान्य करायला हरकत नाही. तरीही प्रिया घेणारा माणूस फसलेला नव्हता. ज्या शिक्षकाची शाळा घरापासून बारा किलोमीटरवर आहे आणि एस.टी.च्या दोनच फेऱ्या आहेत, त्याला दहा वर्षांनी मिळणाऱ्या उत्तम गाडीपेक्षा आधी मिळणारी बरी गाडी जास्त मोलाची असते. वाट पाहण्यालाही किंमत असते. ती छापील दरपत्रकात दिसत नाही एवढेच. प्रियामुळे रांगेला आणखी एक खिडकी मिळाली, आणि तिच्यामुळे साताऱ्यातल्या कित्येक घरांना कारखान्यातला पगार मिळाला. चाकांची तुलना करताना हे दोन्ही फायदे निसटतात.

पण धाकटीचे भवितव्य थोरलीशीच बांधलेले होते. १९८४ साली बिनगिअरची कायनेटिक होंडा आली, १९८५ साली चार-घाती हिरो होंडा मोटारसायकल आली. १९९१ नंतर परवान्यांची पद्धत मोडीत निघाली, टंचाई संपली, आणि धुराचे नियमही कडक होत गेले. दोन-घाती इंजिनात ताजे मिश्रण आत येत असतानाच जळलेला वायू बाहेर जातो. त्याबरोबर थोडे न जळलेले पेट्रोल आणि तेलही निसटते. दोघींचा हा दोष एकच होता. २००६ च्या सुमारास दोन्ही गाड्यांचे उत्पादन थांबले. महामंडळाकडच्या भागांच्या किमतीवरून दीर्घ वाद चालला, आणि २०१९ साली ते भाग बजाज समूहाकडे गेले. त्याच वर्षी चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळाले. प्रिया हे नाव मात्र परत आले नाही. मानाच्या गाडीचे नाव कंपनी जपते. धाकटीचे नाव लोकांनाच लक्षात ठेवावे लागते.

आज दोन फोनांमधला फरक परवाना ठरवत नाही. माल भरपूर आहे, म्हणून कोणाच्या खिशाला कोणता फोन झेपेल याचा हिशेब करून कंपनीच फरक ठरवते. काही फरक खरोखर खर्चाचे असतात, काही मुद्दाम ठेवलेले. ते वेगळे ओळखायला शिकणे हाच तुलनेचा खरा अभ्यास.

त्यासाठी वर्गात एक प्रयोग करता येईल. डब्यांची दोन गोल झाकणे घ्या, एक लहान आणि एक मोठे. प्रत्येकाच्या मध्यातून आस घालून वर सारखेच वजन टांगा, आणि स्प्रिंग-काट्याने सावकाश ओढून पेन्सिलीवरून चढवा. कोणत्या झाकणाला किती जोर लागतो ते टिपून घ्या. मग विद्यार्थ्यांना आपल्या घरातल्या कोणत्याही दोन भावंड-वस्तूंची यादी करायला सांगा आणि शेवटी एक रकाना रिकामा ठेवा : हा फरक कोणी ठरवला, आणि का?