पांखरें राखणारीं पोरें

शेतांत माळा, माळ्यावर राखणदार व त्याच्या हातीं गोफण, हें चित्र आपल्या इतकें परिचयाचें आहे कीं, यंत्रांचें माहेरघर जें इंग्लंड तेथेंहि पांखरें राखण्यास माणूसच लागे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. माणूस म्हणण्यापेक्षां मूल म्हणणें अधिक खरें. विल्यम कॉबेट हा नामांकित लेखक सलगमाच्या बियांवरून पांखरें व वाटाण्यावरून कावळे हाकलीत वाढला. वॉरिकशायरमधील जोसेफ आर्च (जन्म १८२६) नवव्या वर्षीं शाळा सोडून याच कामास लागला. दिवस बारा तासांचा, मजुरी चार पेन्स. मजुराच्या घरीं तेवढेहि सोडवत नसत. अशा पोरांच्या हातीं बहुधा लांकडी फळ्या असत: मुठीच्या फळीस दोन्ही अंगांनीं दोन सैल बांधलेल्या, मूठ हलविली कीं खडखडाट होई. यंत्र म्हणावें तर एवढेंच, आणि त्याची शक्ति पोराच्या मनगटांत.

हाच आर्च १८७२ सालीं शेतमजुरांच्या राष्ट्रीय संघाचा पुढारी झाला व १८८५ सालीं पार्लमेंटांत निवडून आला. १८७३ च्या कायद्यानें आठ वर्षांखालील मुलांस शेतावर मजुरीस ठेवण्याची मनाई केली. १८८० मध्यें दहा वर्षांपर्यंत शाळेची सक्ती झाली. तेव्हां कोठें त्या फळ्या लहानग्यांच्या हातून सुटूं लागल्या. विसाव्या शतकांत वायूच्या स्फोटानें आपोआप बार काढणाऱ्या तोफा आल्या. पण पांखरें त्या आवाजास लवकरच सरावतात, म्हणून तोफ वरचेवर उचलून दुसऱ्या जागीं न्यावी लागते. पोर आपल्या पायांनींच धांवत असे.