सुरतेच्या लुटीतला एक हुकूम

जानेवारी १६६४. सुरतेचा कारभारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला होता, बाहेर शहर जळत होते आणि विरजी व्होरासारख्या धनाढ्य सावकारांच्या हवेल्या मराठे धुंडाळत होते. त्या धामधुमीत कॅपुचिन पंथाच्या फादर अँब्रोझ यांच्या मठाला मात्र धक्का लागला नाही. पाद्री भले लोक आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका, असे शिवाजीमहाराजांनी बजावल्याचे फ्रेंच प्रवासी बर्निए नोंदवतो. डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही वाचले. हयातीत त्याने मोठा दानधर्म केला होता, एवढे कारण पुरले. बर्निए मोगल अमिराच्या पदरी होता. महाराजांचे गोडवे गाण्याची त्याला काही गरज नव्हती.

याच सुरतेत महाराजांवर मारेकरी घातला गेला, तेव्हा संतापलेल्या मराठ्यांनी कैद्यांचे हात आणि मुंडकी तोडली. हेही सांगितलेच पाहिजे. हुकूम अशा मोजक्या जागांपुरता होता; शहराला अभय नव्हते.

पण तो हुकूम ही एका दिवसाची लहरही नव्हती. महाराजांना शिव्या घालणारा मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो, की मशीद, कुराण आणि कोणाचीही स्त्री यांना हात लावायचा नाही असा त्यांचा नियमच होता. कुराणाची प्रत हाती पडली तर ती आदराने आपल्याच एखाद्या मुसलमान माणसाच्या स्वाधीन करत. मला या नोंदीतला शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ग्रंथ न फाडणे ही लष्करी शिस्त झाली. तो ज्याला पूज्य त्याच्याच हाती सोपवायचा, तर आधी त्या माणसाची श्रद्धा ओळखावी लागते, आणि ती आपली नसली तरी जपावी लागते.

या वृत्तीचे एक मूळ भोसल्यांच्या घरातच सापडते. महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी अहमदनगरच्या शाहशरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. दुसरे मूळ मोगलांकडे जाते. औरंगजेबाने १६७९ मध्ये बिगरमुसलमानांवरचा जिझिया कर पुन्हा बसवला, तेव्हा महाराजांच्या नावे लिहिलेले फारसी पत्र त्याला त्याच्या पणजोबाची, अकबराची आठवण करून देते आणि म्हणते: मशिदीतली बांग आणि देवळातली घंटा एकाच्याच स्मरणासाठी आहेत. अकबराने जिझिया १५६४ मध्ये उठवला होता. पुढे १५७३ मध्ये त्याने याच सुरतेला वेढा घातला, तेव्हा नवसारीचे पारशी धर्मगुरू दस्तूर मेहेरजी राणा त्याला भेटले, असे पारशी सांगतात.

महाराजांनी पीर-मशिदींच्या दिवाबत्तीची इनामे चालवल्याचे बखरकार सभासदाने त्यांच्यामागे, १६९७ च्या सुमारास, जिंजीत लिहिले. पण त्यानंतर गुजरातेत मराठ्यांच्या स्वाऱ्यांचा जोर वाढला. अशा अस्थिर दिवसांत, १७३३ मध्ये, पारशांनी नवसारीचा पवित्र अग्नी इराणशाह लुटारूंच्या भयाने सुरतेला हलवला आणि तीन वर्षांनी परत नेला.