सेंट्रल पार्क मॅरेथॉन

न्यूयॉर्क शहरातील सेंट्रल पार्क या उद्यानात १९७० ते १९७५ या काळात दरवर्षी भरलेली ४२.१९५ किमी. अंतराची शर्यत. आजची न्यूयॉर्क सिटी मॅरेथॉन हिच्यातूनच वाढली. मोठ्या शर्यतीच्या दिमाखापुढे ही मूळ शर्यत केवळ एक गमतीदार प्रस्तावना ठरली आहे. ते तिच्यावर अन्यायकारक आहे.

न्यूयॉर्क रोड रनर्स क्लब पूर्वी ब्राँक्स भागात मॅरेथॉन भरवीत असे. तिथे धावपटूंना वाहनांतून वाट काढावी लागे. उद्यानातले रस्ते सुटीच्या दिवशी मोटारींना बंद असत, म्हणून शर्यत तिथे आली. फ्रेड लेबो व व्हिन्स चियापेटा हे संयोजक. पैकी लेबो मूळचे रुमानियाचे, तयार कपड्यांच्या धंद्यातले. पहिली शर्यत १३ सप्टेंबर १९७० रोजी झाली. प्रवेशशुल्क १ डॉलर. बक्षिसे म्हणजे स्वस्तातली मनगटी घड्याळे आणि इतर खेळांचे जुने करंडक. उद्यानाच्या आतल्या रस्त्याची पूर्ण फेरी सुमारे ९.८ किमी. भरते, म्हणजे चारहून थोड्या अधिक फेऱ्या मारायच्या आणि दर फेरीला उत्तर टोकाचा हार्लेम हिलचा चढ चढायचा. १२७ जण धावायला उतरले, ५५ जणांनी शर्यत पुरी केली. दिवस उकाड्याचा होता. शिवाय फेऱ्यांच्या शर्यतीत सोडून देण्याची सोय पुन्हा पुन्हा समोर येते, हेही गळतीचे कारण असावे. अग्निशमन दलात नोकरी करणारे गॅरी मर्की रात्रपाळी आटोपून आले आणि २ तास ३१ मि. ३८ सेकंदांत जिंकले. खुद्द लेबो ४५वे आले. नीना कुसिक ही एकमेव स्त्री स्पर्धक होती, पण आजारामुळे तिला अर्ध्यावर थांबावे लागले.

पुढच्याच वर्षी बेथ बॉनर (२ तास ५५ मि. २२ से.) आणि कुसिक (२ तास ५६ मि. ४ से.) यांनी तीन तासांची मर्यादा मोडली. अमेरिकेत कोणत्याही स्त्रीला तोवर हे जमले नव्हते. खेळाचे नियमन करणाऱ्या अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक युनियनने त्यानंतर स्त्रियांना मॅरेथॉनची परवानगी दिली, पण अट घातली : त्यांची सुरुवात पुरुषांपेक्षा वेगळी हवी. १ ऑक्टोबर १९७२ रोजी स्त्रियांसाठी दहा मिनिटे आधी बार उडाला, तेव्हा सहाही जणी फलक हाती घेऊन आरंभरेषेवरच खाली बसल्या. साल १९७२ आहे, आता तरी जागे व्हा, असे एका फलकावर युनियनला सुनावले होते. पुरुषांचा बार झाल्यावर त्या उठल्या आणि सर्वांबरोबर धावल्या. पंचांनी प्रत्येकीच्या वेळेत दहा मिनिटे मिळवली. कुसिक पहिली आली. बसलेल्यांत पहिल्या विजेत्याची पत्नी जेन मर्की हीसुद्धा होती. वेगळ्या सुरुवातीची अट पुढे मागे घेण्यात आली. या उद्यानाच्या शर्यतीने धावण्याच्या खेळाला काय दिले, असे विचारल्यास प्रस्तुत लेखकाच्या मते उत्तर या दहा मिनिटांत आहे. त्याच वर्षी ३ जूनला याच उद्यानात सत्तर-पंच्याहत्तर स्त्रियांची स्वतंत्र शर्यत झाली होती. ‘मिनी’ या नावाने ती अजूनही तिथेच भरते. नाव त्या काळी गाजत असलेल्या मिनिस्कर्टवरून पडले.

१९७४ मध्ये नॉर्बर्ट सँडर व कॅथरीन स्वित्झर, तर १९७५ मध्ये टॉम फ्लेमिंग व किम मेरिट विजेते ठरले. १९७६ हे अमेरिकी स्वातंत्र्याचे द्विशताब्दी वर्ष. त्यानिमित्त शहराच्या पाचही विभागांतून शर्यत न्यावी ही कल्पना जॉर्ज स्पिट्झ यांची. त्यांपैकी मॅनहॅटन विभागाचे (बरोचे) अध्यक्ष पर्सी सटन यांनी ती उचलून धरली. खर्चाच्या धास्तीने लेबो आधी राजी नव्हते, आणि पुढे शर्यतीचा चेहरा तेच झाले! स्टॅटन आयलंडहून निघालेल्या त्या शर्यतीत दोन हजारांवर धावपटू होते. बिल रॉजर्स व मिकी गोर्मन जिंकले. हा मार्ग आखण्यात ऑलिंपिक धावपटू टेड कॉर्बिट यांचा मोठा वाटा होता.

उद्यान मात्र सुटले नाही. शर्यतीचा शेवट आजही तिथेच, टॅव्हर्न ऑन द ग्रीन या उपाहारगृहाजवळ होतो. लेबो यांचा कांस्य पुतळा एरवी उद्यानाच्या पूर्व बाजूला असतो. मॅरेथॉनच्या सुमारास तो उचलून अंतिम रेषेजवळ आणतात. शर्यतीची गणना १९७० पासूनच करतात. २०१२ मध्ये वादळामुळे आणि २०२० मध्ये साथीमुळे ती रद्द झाली. त्यामुळे २०२१ ची शर्यत पन्नासावी धरली गेली, आणि त्या पन्नासांत उद्यानातल्या सहाही शर्यती मोजलेल्या आहेत.