खानापूर कुठल्या यादीत? संकेतस्थळावरचे विभाग, पोटविभाग आणि त्यांचा क्रम

खानापूर नावाचा तालुका बेळगाव जिल्ह्यात आहे आणि सांगली जिल्ह्यातही आहे. फोंडा गोव्यात आहे आणि सिंधुदुर्गात घाटाखालीही आहे. राज्याच्या सीमेपलीकडच्या वाचकांसाठी बातम्या देणाऱ्या संकेतस्थळावर ही नावे नुसती एकाखाली एक लिहिली, तर कुठले खानापूर आपले हे वाचकाला कळणार कसे? दोन-तीनदा चुकीच्या पानावर गेलेला वाचक परत येत नाही. बातमी लिहिलेली असते, छापलेलीही असते, पण ज्याच्यासाठी लिहिली त्याला ती सापडत नाही. म्हणून विभागांची यादी कशी दाखवायची आणि कुठल्या क्रमाने लावायची, हे काम किरकोळ समजू नये. छोटी वृत्तसंकेतस्थळे, ग्रंथालये, मराठी मंडळे आणि शाळा या सगळ्यांना ते लागू पडते.

झाड आणि यादी

विभागाच्या पोटात विभाग अशा रचनेला संगणकाच्या भाषेत झाड म्हणतात. राज्य, त्याखाली जिल्हा, त्याखाली तालुका, त्याखाली गाव. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक विभागाजवळ आपल्या वरच्या विभागाचा, म्हणजे ‘पेरेंट’चा क्रमांक लिहून ठेवलेला असतो. जांबोटीजवळ खानापूरचा क्रमांक, खानापूरजवळ बेळगावचा. एवढ्यावरून संपूर्ण झाड उभे राहते. जूमलात याच्या जोडीला प्रत्येक विभागाला डावा आणि उजवा असे दोन आकडे दिलेले असतात, आणि पोटातल्या सगळ्यांचे आकडे त्या दोघांच्या मध्ये बसतात. त्यामुळे एखाद्या जिल्ह्याखालचे सगळे एका फटक्यात काढता येते. मात्र हे आकडे बिघडले की झाड विस्कटते. त्यासाठी जूमलाच्या कॅटेगरी पानावर ‘रीबिल्ड’ हे बटण दिलेले आहे.

यादी लावताना एक नियम विसरू नये: क्रम भावंडांत लावायचा, सगळ्या गोतावळ्यात नाही. तालुक्यांचा क्रम तालुक्यांत, गावांचा क्रम त्या-त्या तालुक्याच्या पोटात. सगळी नावे एकत्र करून अकारविल्हे लावली तर खानापूर, गोकाक, जांबोटी असा क्रम येतो, आणि जांबोटी गोकाक तालुक्यात असल्यासारखी दिसते. योग्य मांडणीत खानापूरच्या खाली जांबोटी, नंदगड, लोंढा, हलशी येतात आणि मगच गोकाक येते.

वर्डप्रेसच्या आतल्या पानांच्या यादीतही हे दिसते. नेहमीच्या क्रमात पोटपाने वरच्या पानाखाली रेघ देऊन दाखवली जातात. ‘तारीख’ या मथळ्यावर क्लिक केले की झाड मोडते आणि सपाट यादी उरते. पाने हरवली म्हणून घाबरायचे कारण नाही, नेहमीच्या क्रमावर परत आले की झाडही परत येते.

पान, कॅटेगरी आणि टॅग

वर्डप्रेसमध्ये पानांना (पेज) वरचे पानही देता येते आणि क्रमांकही देता येतो. हा क्रमांक आपोआप शून्य असतो. सगळ्यांचा शून्यच राहिला तर पाने नावाप्रमाणे लागतात. क्रमांक देताना 1, 2, 3 असे न देता 10, 20, 30 असे द्यावेत, म्हणजे उद्या मध्ये काही घालायचे झाले तर सगळे आकडे बदलावे लागत नाहीत.

कॅटेगरीला पोटविभाग असतात, पण मूळ वर्डप्रेसमध्ये हाताने क्रम लावायची सोय नसते. त्या नावाप्रमाणे लागतात. हवा तसा क्रम पाहिजे असेल तर मेनू तयार करून त्यात कॅटेगरी ओढून बसवाव्यात, किंवा त्यासाठी प्लगिन घ्यावे. टॅगला मात्र पोटविभाग नसतोच. म्हणून गाव आणि तालुका कॅटेगरीत, आणि ऊस, पाणी, परीक्षा असे विषय टॅगमध्ये, ही वाटणी सोयीची पडते.

ड्रुपलमध्ये विभाग ओढून वरखाली करता येतात, आणि एका विभागाला दोन पेरेंटही देता येतात. जूमलात एक लेख एकाच कॅटेगरीत बसतो. वर्डप्रेसमध्ये एक बातमी कितीही कॅटेगरींत घालता येते. कुठले साधन घ्यायचे हे ठरवताना हा फरक आधी बघावा. सीमेवरच्या नदीच्या पुराची बातमी दोन राज्यांतल्या गावांची असते, ती एकाच खणात कोंबली तर निम्मे वाचक तिला मुकतात.

न दिसणारी गावे

वर्डप्रेस कॅटेगरींच्या यादीत ज्या विभागात एकही बातमी नाही तो आपोआप लपवतो. मोठ्या शहरांना याचा त्रास होत नाही, लहान गावाला होतो. पहिली बातमी येईपर्यंत गावाचे नावच यादीत नसते, आणि नाव नाही म्हणून तिथला कोणी बातमी पाठवत नाही. रिकामे विभागही दाखवायचे अशी सूचना थीममध्ये देता येते.

दुसरी गोम पोटातल्या बातम्यांची. वर्डप्रेसमध्ये तालुक्याचे पान उघडले की साधारणपणे त्याच्या गावांच्या बातम्याही त्यात येतात. पण बातम्या मागवायची एक पद्धत अशीही आहे, की जिच्यात फक्त थेट त्या विभागातल्याच बातम्या मिळतात. थीम बनवणाऱ्याने ती वापरली असेल तर खानापूरच्या पानावर नंदगडची बातमी दिसणार नाही. गावात एक चाचणी बातमी टाकून तालुक्याचे पान उघडले की उत्तर मिळते.

मराठीचा क्रम

इंग्रजीसाठी तयार झालेल्या साधनांत मराठी अकारविल्हे नीट लागते असे धरून चालू नये. यूनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसवलेला आहे. मराठी वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो, आणि मग ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’. म्हणून नुसत्या तक्त्याप्रमाणे लावलेल्या यादीत माळशिरस, मावळ, माहूर असा क्रम येतो. मराठी शब्दकोशाची सवय असलेला माणूस मावळ, माहूर, माळशिरस असा शोधतो. ‘क्ष’ही संगणकाच्या लेखी क आणि ष यांची जोडणी असते, त्यामुळे ‘क्षेत्र’ हा शब्द शेवटी न जाता ‘क’मध्ये जाऊन बसतो.

कऱ्हाडसारख्या नावात आणखी एक अडचण आहे. हा ‘ऱ्’ टाइप करायच्या दोन पद्धती आहेत. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात, पण आतून वेगळ्या असतात. दोघांनी दोन पद्धतींनी नाव लिहिले की एकाच गावाचे दोन विभाग तयार होतात, शोधताना एक सापडतो आणि एक नाही. बेळगाव, बेळगावी आणि बेलगाम यांचेही तसेच होते. एक रूप ठरवावे, बाकीची नावे विभागाच्या वर्णनात लिहावीत आणि शोधात तेही धरले जाईल अशी व्यवस्था करावी.

मराठी क्रमाचे नियम यूनिकोडच्या भाषावार माहितीसाठ्यात दिलेले आहेत. पीएचपी आणि जावास्क्रिप्ट या दोन्ही भाषांत ‘मराठी’ असे सांगून यादी त्याप्रमाणे लावता येते. काम करणाऱ्या मुलाला एवढेच सांगावे, की क्रम डेटाबेसवर न सोडता मराठीच्या नियमाने लावून दे. ते जमत नसेल तर मेनूत हाताने क्रम लावावा. वीस-पंचवीस तालुक्यांसाठी ते अवघड नाही.

आकड्यांचाही घोळ होतो. प्रभाग 1, प्रभाग 10, प्रभाग 2 असा क्रम दिसला तर संगणक आकड्यांना अक्षरे समजतो आहे असे ओळखावे. 01, 02 असे लिहिले की तो सुटतो.

गाव हलते तेव्हा

हद्दी बदलत असतात. फोंडा तालुका 2015 मध्ये उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला. पूर्वी चिकोडी तालुक्यात असलेले निपाणी आता स्वतंत्र तालुका आहे. अशा वेळी नवा विभाग उघडून जुना पुसू नये. आहे त्याच विभागाचा पेरेंट बदलावा, म्हणजे पोटातली गावे आणि बातम्या त्याच्याबरोबर जातात. वर्डप्रेसमध्ये कॅटेगरी पुसली तर पोटविभाग एक पायरी वर सरकतात, आणि फक्त तिच्यातच असलेल्या बातम्या ‘डिफॉल्ट’ कॅटेगरीत जाऊन पडतात. तिथून त्या एकेक उचलून आणणे हे दिवसभराचे काम होते. पेरेंट बदलला की पानाचा पत्ताही बदलू शकतो, म्हणून जुने दुवे उघडून बघावेत.

पत्त्यात मराठी अक्षरे ठेवली तर वर्डप्रेस आतून प्रत्येक अक्षरचिन्हासाठी नऊ जागा खर्च करतो, आणि एकूण मर्यादा 200 आहे. म्हणजे साधारण 22 चिन्हे, त्यात काना-मात्राही धरायच्या. लांब नाव मध्येच तुटते. यासाठी विभागाचा पत्ता रोमन लिपीत, थोडक्यात आणि जिल्ह्याच्या नावासह ठेवणे बरे. दोन खानापूर एकमेकांत मिसळत नाहीत ते त्यामुळेच.

सुरू करण्याआधी

- पायऱ्या तीनच्या वर नेऊ नयेत. मोबाइलवर चौथ्या पायरीपर्यंत फार थोडे लोक पोचतात.
- यादीत गावाच्या नावाशेजारी तालुका किंवा जिल्हा दिसावा.
- विभाग नावाप्रमाणे आणि बातम्या तारखेप्रमाणे लावाव्यात. दोन्हींची सरमिसळ करू नये.
- इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद इथल्या वाचकांना जिल्हा-तालुक्यापेक्षा शहर ओळखीचे असते. त्यांच्यासाठी शहर हीच वरची पायरी ठेवावी.
- नवा विभाग कोणी उघडायचा हे एकाच माणसाकडे द्यावे.

सगळे झाल्यावर यादी कधीच न पाहिलेल्या कोणाला तरी मोबाइल द्यावा आणि आपल्या गावाची बातमी शोधायला सांगावे. तो कुठे अडतो तिथली मांडणी आधी बदलावी.