कल्याणच्या दगडांनी न सांगितलेलं

मुंबई-हैदराबाद रस्त्यावर सस्तापूर बंगल्याला आत वळलं की बसवकल्याण लागतं. पाहुण्याला ते चारचौघांसारखं तालुक्याचं गाव वाटतं. कन्नड पाट्या, दखनी बाजार, आमच्यासारख्यांच्या घरात मराठी. माझे आजोबा मात्र आल्यागेल्याला पहिल्या चहालाच सांगायचे, ‘हे राजधानीचं गाव आहे.’

ते खरंच आहे. अकराव्या शतकात चालुक्यांच्या पहिल्या सोमेश्वरानं मान्यखेट, म्हणजे आजचं मळखेड सोडून राजधानी इथं, तेव्हाच्या कल्याणला, आणली. सहावा विक्रमादित्य 1076 मध्ये गादीवर बसला आणि त्यानं आपल्या नावाची कालगणना सुरू केली. काश्मीरचा बिल्हण त्याच्याच दरबारी होता. विज्ञानेश्वरानं ‘मिताक्षरा’ही इथंच लिहिली. आजोबा कोर्टात कारकून. वाटणीच्या दाव्यात मिताक्षरेचं नाव निघालं की संध्याकाळी घरी येऊन ते अभिमानानं म्हणत, ‘भाऊ-भाऊ भांडतात, आणि निवाडा आपल्या गावच्या पुस्तकातून होतो.’

राजांनी आपली आठवण दगडात ठेवायची सोय केली होती. हुमनाबाद तालुक्यात जलसंगवीच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर एक बाई कोरली आहे. कमरेत वळून उभी, हात उचललेला, समोरच्या शिळेवर ती अक्षरं लिहिते आहे. ती अक्षरं नुसती नक्षी नाहीत, वाचता येतात; त्यांत विक्रमादित्याची स्तुती आहे. इतकं देखणं स्मारक मी दुसरं पाहिलेलं नाही. पण तिला राजाशिवाय कुणाचं नाव लिहायला सांगितलं नव्हतं.

बाकीची नावं आजीकडे होती. तिचं माहेर उमरग्याचं, अक्षरओळख बेताची. कल्याणची तिची गोष्ट विक्रमादित्यापासून नाही, हरळय्यापासून सुरू व्हायची. हरळय्या चांभार. रस्त्यात बसवण्णा भेटले तेव्हा त्यानं ‘शरणु’ म्हटलं. बसवण्णांनी उलट ‘शरणु शरणार्थी’ म्हटलं. बिज्जळ राजाच्या मंत्र्यानं आपल्याला एक नमस्कार जास्त घातला, हा भार त्याला सोसवेना. मग त्यानं आणि त्याची बायको कल्याणम्मानं आपापल्या मांडीचं कातडं काढून बसवण्णांसाठी जोडे शिवले. इथं आजी थांबायची आणि आम्हाला विचारायची, ‘घातले असतील का त्यांनी?’ आम्ही मान हलवायचो. ‘पायात नाही, डोक्यावर घेतले,’ ती म्हणायची.

पुढचं ती भरभर सांगे. हरळय्याचा मुलगा आणि मधुवरस ब्राह्मणाची मुलगी यांचं लग्न लागलं, बिज्जळानं दोन्ही बापांना हत्तीच्या पायाला बांधून ओढवलं, कल्याण पेटलं, बिज्जळही मारला गेला. शरण, म्हणजे बसवण्णांच्या वाटेचे भक्त, वचनांची बाडं घेऊन उळवीच्या जंगलाकडे निघाले. साल 1167 च्या सुमाराचं. बसवण्णा आणि बिज्जळ दोघंही मूळचे मंगळवेढ्याच्या कारभारातले, आणि सोलापूरचे सिद्धराम अनुभव मंटपात, म्हणजे शरणांच्या सभेत, येऊन बसलेले. म्हणून आजीला ही गोष्ट कधी परमुलखाची वाटली नाही.

शरण गेले, पण त्यांच्या जागा गावानं सोडल्या नाहीत. ही अक्क नागम्मांची गुहा, ही दोर वळणाऱ्या नुलिय चंदय्यांची. शिलालेख नसताना शेकडो वर्षं त्या जागा म्हाताऱ्यांनी बोटानं दाखवत राखल्या. इतिहासाचे अभ्यासक याला दंतकथा म्हणतील. मी त्याला राखण म्हणतो.

एक गोष्ट मात्र आजी रंगवून सांगत नसे. 1948 च्या मे महिन्यात निजामाच्या रझाकारांनी आमच्याच तालुक्यातल्या गोरट्यावर हल्ला केला. 200 च्या आसपास माणसं मारली गेली, असं गाव सांगतं. त्या दिवसांत या भागातली घरंच्या घरं सोलापूरकडे निघाली. ‘चूल विझवली नाही, तशीच निघाले,’ एवढंच ती बोलायची. सप्टेंबरात निजाम शरण आला. गोरट्याचं स्मारक उभं राहायला मात्र 2023 उजाडावं लागलं. तिथला तिरंगा 103 फुटांवर फडकतो, सरदार पटेलांचा पुतळा आहे. ते व्हायलाच हवं होतं, आणि फार आधी. ज्यांनी तो हल्ला डोळ्यांनी पाहिला त्यांतले बहुतेक तोवर गेले होते.

आता गावात बसवण्णांचा 108 फुटी पुतळा आहे. 2021 मध्ये नव्या अनुभव मंटपाची पायाभरणी झाली. त्याच्या आराखड्यात 770 शरणांच्या नावे 770 खांब आहेत. उमरगा, लातूर, सोलापूरहून गाड्या भरून माणसं इथं येतात, आणि पाटीवरचं कन्नड त्यांच्यातल्या कित्येकांना वाचता येत नाही. तिथं कन्नडशेजारी मराठी पाटी लागावी, आणि मराठीत बोलणारा एक माहीतगार माणूस असावा. त्यानं राजवाड्याच्या आधी लोकांना हरळय्याकडे न्यावं.