१९४२ चें पूर्व आरमार व त्यांतील चार जुन्या युद्धनौका

दप्तरांतील फौजेची याद वाचतांना संशोधकास एक खबरदारी घ्यावी लागते. यादींत जितके राऊत लिहिले तितके रणांत उतरलेच असें नसतें. आरमाराचीहि तीच गोष्ट. गुराबा व गलबतें किती हें कळलें, तरी तीं किती जुनीं व त्यांवर पाणी किती दिवसांचें, हें कळल्यावांचून बळाचा अदमास होत नाहीं. या नियमाचें एक अर्वाचीन उदाहरण मुंबई बंदराशीं निगडित असल्यानें येथें सादर करीत आहों.

ता. १० डिसेंबर १९४१ रोजीं मलायाच्या किनाऱ्यानजीक ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ व ‘रिपल्स’ या ब्रिटिश नौका जपानी विमानांनीं बुडविल्या. ता. १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें. हिंदी महासागर उघडा पडला, तेव्हां मिळतील त्या नौका गोळा करून नवें पूर्व आरमार उभारण्यांत आलें. मार्चअखेर ॲडमिरल सर जेम्स सॉमरव्हिल यांनीं त्याचें आधिपत्य घेतलें. यादींत पांच युद्धनौका होत्या. पैकीं ‘वॉरस्पाइट’ जुनीच, परंतु १९३७ पर्यंत पुनः बांधून काढलेली. उरलेल्या ‘रेझोल्यूशन’, ‘रामिलीज’, ‘रॉयल सॉव्हरिन’ व ‘रिव्हेंज’ या पहिल्या महायुद्धकाळच्या असून त्यांची तशी सुधारणा झाली नव्हती. प्रत्येकीवर १५ इंची ८ तोफा. कागदावर हें बळ लहान नव्हे.

प्रत्यक्षांत त्यांचा वेग तासीं १८ सागरी मैलांच्या आसपास, तर जपानी विमानवाहू नौकांचा सुमारें ३० चा. शिवाय त्यांवरील पाण्याचा सांठा उष्ण समुद्रांत लवकर सरे. जपानी हल्ल्याची वार्ता आल्यानें आरमार ३१ मार्चपासून सिलोनच्या दक्षिणेस दबा धरून होतें. शत्रु दिसेना व या चौघींचें पाणी संपत आलें, म्हणून २ एप्रिलच्या रात्रीं तें मालदीवांतील अड्डू या गुप्त तळाकडे वळलें. ता. ४ रोजीं तेथें पोंचतें न पोंचतें तोंच पांच विमानवाहू नौकांसह जपानी आरमार सिलोनकडे येत असल्याची खबर आली. ता. ५ रोजीं कोलंबोवर हल्ला झाला. ‘कॉर्नवॉल’ व ‘डॉर्सेटशायर’ या क्रूझर नौका बुडाल्या. ता. ९ रोजीं बट्टिकलोआजवळ ‘हर्मिस’ बुडाली.

जुन्या नौकांच्या उणीवेमुळें आरमार दूर गेलें. परंतु दूर गेल्यामुळेंच तें कदाचित् वांचलें, असें आम्हांस वाटतें. सॉमरव्हिल यांच्या दोन मोठ्या विमानवाहू नौकांवर मिळून शंभराहून कमी विमानें होतीं. दिवसाउजेडीं गांठ पडती तर परिणाम उघड होता. तें आरमार बुडतें तर इराणी आखाताचें तेल व इजिप्तमधील सैन्याची रसद ज्या वाटेनें जाई, ती वाट निराधार होती. म्हणून सॉमरव्हिल यांनीं यादीचे दोन भाग केले: चार जुन्या नौका आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील किलिंदिनीस धाडल्या आणि वेगवान नौका घेऊन ते ता. १३ एप्रिल रोजीं मुंबईस आले.

तथापि या नौका अगदींच निरुपयोगी होत्या असें नव्हे. जून १९४४ मध्यें नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ‘रामिलीज’च्या तोफांनीं चांगलें काम बजाविलें; तेथें वेगाची गरज नव्हती.

यावरून संग्राहकांस एवढीच विनंति कीं, आरमाराच्या यादीबरोबर पाण्याचीं पिंपें, दुरुस्तीचें लांकूड व खलाशांचा शिधा यांचीं क्षुल्लक दिसणारीं टिपणें हातीं लागल्यास तीं टाकूं नयेत. यादीचा खरा अर्थ त्यांतच असतो.